विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांना खुले पत्र : उपकरणाच्या उणिवांनाही गुण द्या

प्रति,
तालुका, जिल्हा व राज्य पातळीवरील विज्ञान प्रदर्शने आणि नवोपक्रम स्पर्धांचे परीक्षक,
महाराष्ट्र राज्य

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

येत्या हिवाळ्यात तालुक्यातालुक्यांत विज्ञान प्रदर्शने भरतील. सभागृहातल्या बाकांवर चादरी अंथरून मुले आपापले प्रकल्प मांडतील आणि आपण गुणपत्रिका हातात घेऊन एकेका टेबलापाशी काही मिनिटे थांबाल. त्या काही मिनिटांत आपण काय विचारता आणि कशाला गुण देता, यावर पुढच्या वर्षी मुले काय बनवणार हे बरेचसे ठरते, कारण मागच्या वर्षी कोणाचा पहिला क्रमांक आला ते पाहूनच शाळा नवा प्रकल्प निवडतात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि अनेक वर्षे मुलांना घेऊन या प्रदर्शनांना येत आहे. आपल्यापुढे एकच मागणी ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. उपकरणाच्या फायद्यांना जसे गुण मिळतात तसेच त्याच्या उणिवा मुलांनी स्वतः वापरून, मोजून आणि लिहून आणल्या असतील तर त्यांनाही गुण मिळावेत, आणि ते निकाल बदलू शकतील इतके असावेत.

आज काय घडते ते आपणही पाहताच. प्रकल्पाच्या फलकावर 'फायदे' या मथळ्याखाली सात-आठ ओळी असतात आणि 'मर्यादा' या मथळ्याखाली 'खर्च थोडा जास्त आहे' एवढे एकच वाक्य असते, तेही मार्गदर्शक शिक्षकांनी सांगितले म्हणून लिहिलेले. पाऊस आला की आपोआप आत सरकणारी कपड्यांची दोरी, झोप लागली की वाजणारा चष्मा, विजेचा धक्का देणारी चप्पल, हात पुढे केला की उघडणारी कचराकुंडी, गाडीच्या वजनावर वीज तयार करणारा गतिरोधक अशा कल्पना दरवर्षी येतात. त्यांच्या विचित्रपणाबद्दल माझी तक्रार नाही, कारण मुलांनी विचित्र कल्पना लढवल्याच पाहिजेत. मला खंत वाटते ती याची की बनवलेली वस्तू महिनाभर कोणी वापरून पाहिली का, हा प्रश्न त्यांना क्वचितच कोणी विचारतो.

गतिरोधकाचेच उदाहरण घेऊ, कारण तो सर्वाधिक टाळ्या मिळवणारा प्रकल्प आहे. खेळण्यातली गाडी फळीवरून जाते, फळी दबते, दाते असलेली पट्टी चाक फिरवते आणि छोटा दिवा लागतो. आता नववीच्या पुस्तकातले सूत्र लावा. १,००० किलो वजनाची मोटार १० सेंटीमीटर खाली गेली तर जास्तीत जास्त ९८० ज्यूल ऊर्जा मिळते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. यंत्रात काहीही वाया गेले नाही असे धरले तरी एका युनिटसाठी सुमारे ३,७०० मोटारी त्यावरून जाव्या लागतात, आणि ही ऊर्जाही फुकट मिळत नाही, कारण दबलेल्या फळीवरून पुन्हा रस्त्यावर चढताना गाडीला जास्तीचे पेट्रोल जाळावे लागते. पावसाळ्यात त्या दात्यांमध्ये साचणारा चिखल आणि वीस टनांचा मालट्रक यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही. हे गणित मुलांना येते. ते करायला सांगितले जात नाही, आणि केले तर गुण कमी होतील अशी भीती त्यांना वाटते. ज्या मुलाने हे गणित फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले आणि 'म्हणून हे यंत्र वीजनिर्मितीसाठी योग्य नाही, पण रस्त्यावरून किती वाहने गेली हे मोजण्यासाठी ते वापरता येईल' असा निष्कर्ष काढला, त्याला पहिला क्रमांक द्यायला आपण तयार आहोत का, हे मला आपल्याला विचारायचे आहे.

अंधांसाठीची काठी हा दुसरा नेहमीचा प्रकल्प. काठीला अल्ट्रासॉनिक, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी अडथळा ओळखणारा सेन्सर लावतात आणि समोर अडथळा आला की बझर वाजतो. आता ज्याला दिसत नाही तो माणूस रस्त्यावर कशाच्या आधारे चालतो याचा विचार करा. मागून येणारी रिक्षा, शेजारून जाणारी माणसे, मोकळा चौक आणि भिंत यांतला फरक हे सगळे त्याला कानांनी कळते. त्याच कानाशी सतत बझर वाजवला तर आपण त्याची वाट आणखी अवघड करतो. शिवाय जमिनीवरचा खड्डा किंवा पायरी साध्या पांढऱ्या काठीच्या टोकाला आधीच कळते. तिला कळत नाही ते गुडघ्याच्या वरचे, म्हणजे आडवी आलेली फांदी, उघडी राहिलेली खिडकी, उभ्या टेम्पोचा मागे आलेला फाळका. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४ साली बाजारात आलेली 'स्मार्टकेन' नेमकी या गरजेसाठी आहे. ती नेहमीच्या घडीच्या काठीवर बसवता येते, वरच्या बाजूचे अडथळे ओळखते आणि आवाज न करता मुठीत कंपन देते, जेणेकरून कान मोकळे राहतात. अंध व्यक्तींनी ती हाताळून दाखवलेल्या अडचणींतून तिचा आराखडा घडला. आपल्या प्रदर्शनांत मात्र डोळ्यांवर पट्टी बांधलेला वर्गमित्र चार पावले चालून दाखवतो आणि तेवढ्यावर प्रात्यक्षिक पूर्ण झाले असे मानले जाते.

एका प्रदर्शनात मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते. स्थळ आणि नावे सांगण्याची गरज नाही, कारण ते कुठेही घडू शकले असते. नववीतल्या एका मुलीने सेन्सरने उघडणारी कचराकुंडी बनवली आणि ती आपल्याच वर्गात कोपऱ्यात ठेवून रोजची वही लिहिली. तिच्या नोंदी अशा होत्या: कचरा टाकायचा नसलेला माणूस शेजारून गेला तरी झाकण उघडते, फळ्याजवळ ठेवली तर खडूची धूळ सेन्सरवर बसते, सकाळी नवी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावली तर शाळा सुटेपर्यंत झाकण अर्धेच उघडू लागते. शेवटच्या नोंदीचे कारणही तिने काढले होते. सेन्सर आणि मोटर यांना हुकूम देणारा अर्डुइनोचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड नुसता चालू राहायलाच सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो आणि अशा बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे झाकण एकदाही उघडले नाही तरी दहा तासांच्या आसपास ती संपणार, आणि मोटर फिरली की त्याहून लवकर. मग तिने सेन्सर काढला, जुन्या सायकलची ब्रेकची केबल आणली, खाली लाकडी फळीचे पायटे केले आणि पायाने दाबून उघडणारी कुंडी बनवली. ती प्रदर्शनात घेऊन गेल्यावर परीक्षकांनी विचारले, "यात नवीन काय आहे?" बक्षीस शेजारच्या टेबलावरच्या सेन्सरच्या कुंडीला मिळाले. ती कुंडी भिंतीतल्या विजेवर चालत होती आणि तिच्यात कचरा कधीच पडला नव्हता.

पायाने उघडणाऱ्या कुंडीचे श्रेय अमेरिकेतल्या अभियंता लिलियन गिलब्रेथ यांना दिले जाते. स्वयंपाकघरात बायकांची किती पावले आणि किती हालचाली वाया जातात हे त्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बारकाईने मोजले होते. त्या मुलीने आपल्या वर्गात, आपल्या वहीत, तीच पद्धत वापरली. मला त्या दिवशी तिची समजूत घालता आली नाही, कारण तिच्या कामात चूक नव्हती आणि निकालाचे कारण सांगणे मला जमत नव्हते.

हे फक्त शाळेपुरते असते तर मी इतके लांबलचक लिहिले नसते. पण तीन मिनिटांच्या प्रात्यक्षिकाला भुलून बक्षीस देण्याची सवय मोठ्या संस्थांनाही महाग पडली आहे. दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात 'प्लेपंप' नावाचे यंत्र पुढे आले. बागेतल्यासारखे गोल फिरणारे चक्र, त्यावर मुले बसून खेळणार, चक्राच्या फिरण्याने बोअरवेलमधले पाणी वर येणार आणि सात मीटर उंच मचाणावरच्या २,५०० लिटरच्या टाकीत साठणार, टाकीच्या बाजूंवर जाहिराती लागणार आणि त्यांतून देखभालीचा खर्च निघणार, अशी ती योजना. चित्रफितीत हसणारी मुले आणि नळातून पडणारे पाणी पाहून कोणाचेही मन भरून यावे अशीच ती होती. २००० साली तिला जागतिक बँकेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले. २००६ साली अमेरिकेत १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत आफ्रिकेत असे ४,००० पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरले.

आता पुन्हा शाळेतले गणित करा. एका पंपावर २,५०० माणसांची गरज भागेल असे सांगितले जात होते. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरले तर ३७,५०० लिटर लागते. पंपाचा जाहीर केलेला वेग तासाला १,४०० लिटर होता. म्हणजे मुलांनी दिवसाचे जवळजवळ २७ तास खेळायला हवे. ही आकडेमोड २००९ साली ब्रिटिश वृत्तपत्रात छापून आली, तोवर शेकडो पंप बसून गेले होते. मुलांनाही ते चक्र खेळायला फारसे आवडले नाही, कारण बागेतले चक्र एकदा ढकलले की आपोआप फिरत राहते आणि त्यातच त्याची मजा असते, तर या चक्राला पाणी उपसायचे असल्याने ढकलणे थांबले की ते थांबते. मुले शाळेत असताना किंवा थकली की पाणी हवे असलेल्या बायकांना, त्यांत म्हाताऱ्या आणि गरोदरही आल्या, कमरेत वाकून ते चक्र ढकलत गोल फिरावे लागले. एका पंपाची किंमत सुमारे १४,००० डॉलर होती, आणि तो बिघडला तर गावात कोणाला उघडता येत नसे. बाहेरच्या पथकाची वाट पाहावी लागे. सर्वांत वाईट म्हणजे काही ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून त्याच बोअरवर हे चक्र बसवले गेले होते. योजना चालवणारी अमेरिकेतली संस्था २०१० च्या सुमारास या कामातून बाहेर पडली.

इथे मला आपल्या मराठवाड्याची आणि सोलापूरची आठवण करून द्यायची आहे, कारण याच प्रश्नाचे जगाला उपयोगी पडलेले उत्तर आपल्याकडे तयार झाले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळामुळे कठीण खडकात बोअर घेण्याचे काम देशात जोरात सुरू झाले आणि त्या बोअरवर बसवायला बिडाचे हातपंप आणले गेले. मूळचे अमेरिका-युरोपातल्या एकेका शेतकरी कुटुंबासाठी बनवलेले ते पंप. आपल्याकडे एका पंपावर अख्खे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत पाणी भरत होते, त्यामुळे त्यांचे सांधे झिजत, दांडे मोडत, आणि पाहणी केली तेव्हा त्यांतले बहुतेक बंद पडलेले आढळले. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काम करणाऱ्यांनी यावर पोलादी पंप बनवला, ज्याला हलणारा सांधा एकच होता. सोलापूरला त्यात सुधारणा झाल्या. पुढे १९७०च्या दशकात युनिसेफने सोलापूर पंपाचा पाया धरून, 'रिचर्डसन अँड क्रूडास' या कारखान्याच्या मदतीने आणि कोइंबतूरजवळच्या गावांत चाचण्या घेऊन जो पंप सिद्ध केला तो 'इंडिया मार्क टू'. गावोगावचा आपला हापसा तो हाच.

पुढच्या वेळी हापशापाशी उभे राहाल तेव्हा त्याचे डोके उघडायला सांगा. आत मोटारसायकलला असते तशी जाड साखळी दिसेल. दांड्याचे आतले टोक चापासारखे वळवलेले असते आणि साखळी त्या चापावरून खाली लोंबते, त्यामुळे दांडा वरखाली होताना गोल फिरला तरी खालची लोखंडी कांब नेहमी सरळ रेषेत उचलली जाते. जुन्या पंपात कांब दर खेपेला थोडी तिरकी ओढली जाई आणि त्यातूनच सगळी झीज होई. दांड्याच्या आसाला बंद बेअरिंग आहे, त्याला गावात कोणी तेल घालावे अशी अपेक्षाच ठेवलेली नाही. बाहेरचा दांडा भरीव आणि जड आहे, तो खोलवरच्या कांबीच्या वजनाला तोलून धरतो, म्हणून दहा वर्षांच्या मुलीलाही तो हापसता येतो. यातला एकही भाग टाळ्या मिळवणारा नाही, आणि आपल्या प्रदर्शनात कोणी हा पंप मांडला तर त्याला उत्तेजनार्थ बक्षीस तरी मिळेल का, याची मला शंका वाटते.

आणि याच हापशाच्या उणिवांची कथा त्याच्या गुणांइतकीच शिकण्यासारखी आहे. पाइपाच्या खालच्या टोकाला, पाण्यात असलेल्या सिलिंडरमधला वॉशर झिजला की तो बदलण्यासाठी सगळे पाइप एकामागून एक वर ओढावे लागतात. त्यासाठी तिवई, शिकंजे आणि चार माणसांचे पथक लागते, म्हणून पंचायत समितीच्या गाडीची वाट पाहत हापसे आठवडेच्या आठवडे बंद राहतात. उथळ विहिरीवर तो नीट चालत नाही, कारण साखळी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही, आणि कांब खाली जायला तिचे स्वतःचे वजन पुरेसे असावे लागते. अभियंत्यांनी या उणिवा लपवल्या नाहीत. चामड्याच्या वॉशरऐवजी रबराचा टिकाऊ वॉशर आला आणि नंतर 'मार्क थ्री' आला, ज्याचा पाइप इतका रुंद ठेवला की पाइप न काढता आतला दट्ट्या वर ओढून गावातल्या गावात वॉशर बदलता यावा. त्याचीही उणीव आहेच, तो पाइप जड आणि महाग पडतो. पहिल्याच्या उणिवा नीट लिहून ठेवल्या गेल्या म्हणून दुसरा पंप घडला. हेच काम मुलांनी वहीत करावे असे मी म्हणते.

ज्यांच्या बुद्धीबद्दल शंका घ्यायला जागा नाही अशा माणसांकडूनही व्यवहारातली एखादी बाजू सुटते. इंग्लंडमधल्या साउथ डेव्हन रेल्वेवर नामवंत अभियंते इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांनी १८४७ साली हवेच्या दाबावर गाडी चालवली. रुळांच्या मध्ये लोखंडी नळ, त्याच्या आत डब्याला जोडलेला दट्ट्या, आणि काही किलोमीटरांवर एकेक वाफेचे इंजिन नळातली हवा उपसून घेणारे. गाडीला धूर नाही, ठिणग्या नाहीत आणि वेग त्या काळच्या मानाने मोठा. पण दट्ट्या डब्याला जोडायचा तर नळाच्या माथ्यावर लांबच लांब फट ठेवावी लागते आणि ती चामड्याच्या पट्टीने झाकावी लागते. ती पट्टी मऊ राहावी म्हणून चरबी लावत राहावे लागे, थंडीत ती कडक होई, उन्हात सुकून तडकत असे आणि लोखंडाला लागून कुजत असे. गळणाऱ्या फटीमुळे इंजिनांना जास्त कोळसा जाळावा लागे. एका वर्षाच्या आसपास, सप्टेंबर १८४८ मध्ये, ती पद्धत बंद झाली आणि ती सोडून देण्याचा सल्ला स्वतः ब्रुनेल यांनीच दिला होता. रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफन्सन यांनी आयर्लंडमधला असाच मार्ग पाहून आधीच प्रतिकूल अहवाल दिला होता. प्रात्यक्षिकात सर्वांनी वेग पाहिला, स्टीफन्सन यांनी खर्चाचा हिशेब केला.

ब्रिटनमध्येच १० जानेवारी १९८५ रोजी, ऐन थंडीत, संशोधक-उद्योजक सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 'सी फाइव्ह' ही विजेवर आणि पायांवर चालणारी तीनचाकी बाजारात आणली. किंमत ३९९ पौंड, वेग ताशी १५ मैल, चालवायला परवाना नको. चालक इतका खाली बसत असे की मालट्रकच्या चालकाला तो दिसेल की नाही याची खात्री नव्हती, आणि तो दिसावा म्हणून लावायची उंच काठी वेगळे पैसे देऊन घ्यावी लागे. छप्पर नव्हते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरत होती. ऑगस्टमध्ये उत्पादन थांबले. नोव्हेंबर २००५ मध्ये ट्युनिसच्या परिषदेत गरीब मुलांसाठीचा स्वस्त लॅपटॉप दाखवला गेला तेव्हा वीज नसेल तिथे मूठ फिरवून तो चालवता येईल असे सांगितले होते. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी ती मूठ फिरवली आणि ती त्यांच्या हातातच तुटून आली. पुढे प्रत्यक्ष मुलांच्या हाती पडलेल्या संगणकाला ती मूठ नव्हती. २०१६ साली अमेरिकेत आलेले 'ज्युसेरो' हे वायफायला जोडलेले ६९९ डॉलरचे रसयंत्र तर पुढच्याच वर्षी बंद पडले, कारण त्याच्या पिशवीतला रस हातानेही तितकाच चांगला पिळता येतो हे पत्रकारांनी करून दाखवले.

आपल्या घरातली गोष्ट म्हणजे चूल. बिनधुराच्या चुली वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला आणि २००२ साली गुंडाळला गेला. या काळात देशात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्या कमी लाकडात जास्त उष्णता देत होत्या आणि धुराड्याने धूर बाहेर टाकत होत्या. पण आपल्याकडे भाकरी तव्यावर अर्धी भाजली की चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवतात. चुलीचे तोंड अरुंद करून विस्तव आत कोंडला की ती जागाच राहत नाही. मग बाई तोंड फोडून मोठे करते किंवा शेजारी तीन दगड मांडते. धुराड्यात काजळी धरते, ती काढायला पत्र्यावर चढावे लागते, आणि हे काम कोणाचे हे वाटताना कोणी सांगितलेले नसते. पुढे ओडिशातल्या सुमारे २,६०० कुटुंबांचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा सुधारित चुलीमुळे पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झालेला दिसला आणि नंतर तो फरक उरला नाही, कारण चुलींची निगा राखली गेली नाही आणि त्यांचा वापरही घटत गेला. चुलीची रचना करणाऱ्यांच्या खोलीत रोज भाकऱ्या थापणारी एक बाई बसली असती तर तोंडाच्या आकाराचा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला असता, असे मला मनापासून वाटते.

उलट जयपूर फूट पाहा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला तेव्हा त्यांच्यासमोर मांडी घालून बसणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी शेतातल्या चिखलात जाणारा माणूस होता. परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय चालत नव्हता आणि त्यात उकिडवे बसता येत नव्हते. ही उणीव आधी नीट हेरली म्हणूनच रबराचा, सर्व बाजूंना वाकणारा, अनवाणी चालणारा पाय तयार झाला.

आपल्यापैकी काही जण म्हणतील की लहान मुलांकडून उणिवांची यादी मागितली तर त्यांचा उत्साह मावळेल. माझा वर्गातला अनुभव वेगळा आहे. मुलांना बिघाड शोधायला आवडतो. मोटर का गरम झाली, दोरी मध्येच का अडकली, बॅटरी का संपली हे शोधताना ती जेवणाची सुट्टी विसरतात. त्यांचा उत्साह मावळतो तो प्रदर्शनात, जेव्हा त्यांनी शोधलेला बिघाड लपवायला आम्ही शिक्षक सांगतो. आम्ही तसे सांगतो, कारण गुण कशाला मिळतात हे आम्हाला ठाऊक असते. दुसरा आक्षेप असा की शाळेतले उपकरण हे केवळ प्रतिकृती असते, त्याकडून टिकाऊपणाची अपेक्षा कशी ठेवायची? ती मीही ठेवत नाही. पुठ्ठ्याचे उपकरण दोन दिवसांत मोडले तरी चालेल. ते कुठे मोडले आणि का मोडले हे मुलाला सांगता आले, तर त्याचे शिक्षण झाले.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. गुणपत्रिकेत 'प्रत्यक्ष वापर व उणिवा' हा स्वतंत्र रकाना असावा आणि त्याला कल्पकतेइतकेच गुण असावेत. प्रकल्पासोबत वापराची वही मागावी, जिच्यात तारखेनुसार काय बिघडले, कोणी दुरुस्त केले आणि काय बदलले हे मुलांच्या हस्ताक्षरात असेल. छापील आणि संगणकावर सजवलेला अहवाल त्या जागी चालणार नाही. हेच काम आज सर्वांत साध्या पद्धतीने कसे होते आणि त्याहून हे यंत्र कशात सरस व कशात कमी आहे, याची तुलना फलकावर असावी. गतिरोधकाच्या मुलाने सौरपट्टीशी तुलना करावी, सेन्सरच्या कुंडीने पायट्याच्या कुंडीशी. जुन्या वस्तूत केलेल्या सुधारणेला आणि दुरुस्तीला 'यात नवीन काय' म्हणून बाद करू नये. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला उपकरण करण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. त्या पैशांतून तयार भाग विकत आणून जोडले की काय शिकून झाले, हे वही पाहिल्यावर आपल्याला लगेच कळेल.

आणि परीक्षक मंडळात अभियंते, प्राध्यापक व अधिकारी यांच्याबरोबर निदान एक जण असा असावा ज्याचा वस्तू वापरण्याशी किंवा दुरुस्त करण्याशी रोजचा संबंध आहे. पंचायत समितीच्या हातपंप दुरुस्ती पथकातला यांत्रिक, शालेय पोषण आहार शिजवणारी ताई, शेतीची अवजारे जोडणारा फॅब्रिकेशनवाला, पांढरी काठी घेऊन फिरणारी व्यक्ती. ही माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत आणि बोलावले तर येतील. त्यांच्या हातात गुणपत्रिका द्यावी. अंधांच्या काठीचा निकाल अंध व्यक्तीने ती हातात घेऊन, सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर चालून दिल्यावर मगच लागावा.

या वर्षी एखाद्या तालुक्याने तरी हा रकाना प्रायोगिक तत्त्वावर घ्यावा, अशी माझी इच्छा आहे. वहीच्या पानाचा नमुना मी माझ्या वर्गापुरता तयार केला आहे. त्यात तारीख, वापरणाऱ्याचे नाव, काय चालले, काय अडले, कारण काय असावे आणि पुढे काय केले असे सहा रकाने आहेत आणि सहावीतली मुलेही तो न सांगता भरतात. आपल्यापैकी कोणाला तो हवा असेल तर मी आनंदाने देईन, आणि त्यात आपण सुचवाल त्या दुरुस्त्याही करीन.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक विज्ञान शिक्षिका